पथ्य कधी आणि कशाचे?

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दरूप)



कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाचे नातलग डॉक्टरांना जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न हटकून असतो : "डॉक्टर, पथ्य काय पाळायचे?" हा प्रश्न आपल्या मातीतला आहे. रोग आला म्हणजे काही सोडले पाहिजे, जिभेवर काही बंधन घातले पाहिजे, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि तो मुळात चुकीचाही नाही. डॉक्टर बहुधा उत्तर देतात, "पथ्य काही नाही, पोटभर आणि सकस खाऊ द्या." नातलगांना हे उत्तर पटत नाही. एवढा मोठा आजार आणि पथ्य नाही, असे कसे? मग शेजारी, सोयरे आणि भ्रमणध्वनीवर येणारे संदेश मिळून ते पथ्य तयार करतात. साखर बंद, दूध बंद, गहू बंद, आंबट बंद. आधीच खंगत चाललेल्या माणसाच्या ताटातून एकेक पदार्थ उचलला जातो.

गंमत अशी, की ज्या घरात हे कठोर पथ्य सुरू होते, त्याच घरात तोवर वीस-वीस वर्षे मशेरी भाजली गेलेली असते, सुपारीचा डबा बैठकीत मानाने फिरलेला असतो. पथ्याचा खरा काळ निघून गेल्यावर पथ्य आरंभायचे आणि पोषणाचा काळ आला की उपास घडवायचा, ही उलटापालट आज अनेक रुग्णांच्या जिवावर बेतते आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने दगावली. त्यामुळे हा प्रश्न कोण्या दुर्मीळ व्याधीचा राहिलेला नाही.

राहणीचा आणि कर्करोगाचा संबंध परदेशी संशोधकांनी शोधला आणि आपण तो वाचला, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. विकृतिशास्त्राचे हे थोर अभ्यासक रुग्णाच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून थांबत नसत. हा माणूस कोणत्या समाजाचा, काय खातो, काय चघळतो, कसे कपडे नेसतो, याची ते चौकशी करीत. त्यांच्या लक्षात आले की मुंबईसारख्या एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांत कर्करोग निरनिराळ्या अवयवांना होतो. शहर एक, पाणी एक. वेगळ्या होत्या त्या सवयी. त्यांनी ज्याचा अभ्यास केला तो 'धोतराचा कर्करोग' प्रसिद्धच आहे. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या गाठीने कातडी काळवंडते, सोलते, आणि क्वचित तेथे कर्करोग उद्भवतो. साडीच्या परकराची नाडी जिथे काचते तिथेही तो होतो.

अशी उदाहरणे आपल्या देशात आणखीही आहेत. काश्मिरात थंडीच्या दिवसांत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसण्याची रीत आहे. त्या शेकाने पोटाच्या व मांड्यांच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद एकोणिसाव्या शतकातच झाली. आंध्रच्या किनारपट्टीवर अनेक स्त्रिया चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढत आल्या, आणि तेथे टाळूचा कर्करोग आढळू लागला. इतरत्र हा कर्करोग फार विरळा. मांडी, कंबर, टाळू : जिथे सवय, तिथे घाव. याहून स्पष्ट पुरावा कोणत्या प्रयोगशाळेने द्यावा?

महाराष्ट्रातच दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहावीत. मुंबईत कर्करुग्णांची शास्त्रशुद्ध नोंद गेल्या शतकातील साठच्या दशकात, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ग्रामीण भागातील तशी नोंद १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत होऊ लागली. निदानाअभावी काही रुग्ण निसटत असतील हे गृहीत धरले, तरी बार्शीकडच्या खेड्यांतील प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी राहिले. शिवाय रोगाची जातही वेगळी. मुंबईच्या स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग पुढे, तर त्या खेड्यांतील स्त्रियांमध्ये दीर्घकाळ गर्भाशयमुखाचा. उशिराचे विवाह, कमी अपत्ये, स्तनपानाचा अल्प काळ, बैठी कामे, चाळिशीनंतर वाढणारे वजन ही शहरी आयुष्याची घडण स्तनांच्या कर्करोगाला पोषक ठरते. यात कोणत्याही स्त्रीने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. शिक्षण आणि नोकरी सोडून कोणी मागे जावे, असाही याचा अर्थ नाही. मात्र वजन आणि चालणे या दोन गोष्टी आपल्या हातात उरतात, त्या तरी सोडू नयेत.

जपानी लोकांचे उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते, आणि ते देण्याजोगेच आहे. जपानात जठराचा कर्करोग फार. स्तनांचा आणि मोठ्या आतड्याचा पूर्वी कमी असे. जे जपानी हवाई बेटांवर आणि अमेरिकेत स्थायिक झाले, त्यांच्यात जठराचा कर्करोग घटत गेला आणि आतड्याचा वाढला. रक्त तेच होते. ताट बदलले, दिनक्रम बदलला.

सुपारीचे खांड

आता आपल्या घराकडे वळू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील साधारण दर चार प्रौढांपैकी एक जण धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. सिगारेट-विडी ओढणारे आपल्याकडे तुलनेने थोडे. त्यामुळे 'आमच्याकडे कोणी ओढत नाही' असे समाधानाने सांगणारी घरे पुष्कळ असतात. पण हातावर चुन्याशी मळलेली तंबाखू, विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, आजीची तपकीर आणि सकाळी चुलीपाशी तव्यावर भाजलेली मशेरी यांची गणना व्यसनांत होतच नाही. मशेरी तर दात घासण्याचे साधन! शेतावर, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणाऱ्या कित्येक बाया भूक मारण्यासाठी दिवसातून चार-चार वेळा ती लावतात. गालाच्या आत, हिरडीजवळ, जिथे चिमूट ठेवली जाते तिथेच पुढे पांढरा चट्टा उमटतो.

तंबाखूबद्दल निदान बोलले तरी जाते. सुपारीला मात्र समाजमान्यतेचे कवच आहे. विड्याशिवाय पूजा नाही, सुपारीशिवाय निमंत्रण नाही. पूजेतील सुपारीबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. ती देवापुढे असते. प्रश्न गालात धरल्या जाणाऱ्या खांडाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसात कर्करोग उत्पन्न करते असा स्पष्ट निर्वाळा दिला. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होते, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. पंगत उठल्यावर मुलांच्या हातावर ठेवली जाणारी गोड सुपारी ही या वाटेवरची पहिली पायरी असते. पंगतीत बडीशेप, ओवा, आवळा-सुपारी असे पर्याय सहज ठेवता येतात. (आवळा-सुपारीत सुपारी नसते, एवढी खात्री मात्र करून घ्यावी, आवरणावर बारीक अक्षरांत बरेच काही लिहिलेले असते.)

गुटख्यावर महाराष्ट्राने २००२ साली घातलेली बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे पुन्हा बंदी आली. बंदीने माल महाग झाला, लपून मिळू लागला, काहींचा सुटलाही. पण मावा आणि खर्रा टपरीवर हातानेच घोटला जातो. आणि घरातील मोठ्या माणसाच्या चंचीला कोणताच कायदा हात लावू शकत नाही.

मद्याबाबत मध्यमवर्गात अलीकडे एक सैलपणा आला आहे. 'थोडी घेतली तर हृदयाला बरी' हे वाक्य सुशिक्षितांच्या तोंडी असते. कर्करोगाच्या संदर्भात मद्याची निर्धोक मात्रा कोणालाही दाखवता आलेली नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणी त्याचा संबंध सिद्ध आहे. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की धोक्याची बेरीज न होता गुणाकार होतो.

शाकाहारी कुटुंबांत एक निर्धास्तपणा असतो, त्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. खारवून, धुरवून टिकवलेले मांस कर्करोगकारक असल्याचे २०१५ साली जाहीर झाले. त्याची बातमी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी समाधानाने वाचली गेली. परंतु फरसाण, बिस्किटे, मैद्याची पोळी, दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा आणि दिवसभर खुर्ची, हाही शाकाहारच म्हणायचा! शरीरातील अतिरिक्त चरबीचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी असल्याचे २०१६ साली तज्ज्ञांनी नोंदवले. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे आपल्या आजोबांचे ताट या कसोटीला उत्तम उतरते. पण ते ताट आजोबांच्या श्रमांसह होते, हे विसरून चालत नाही. जाता जाता आणखी एक. बुरशी धरलेले शेंगदाणे निवडून-भाजून वापरण्याची काटकसर महागात पडते. त्या बुरशीचे विष यकृताच्या कर्करोगाला कारण होते आणि ते घरगुती भाजण्याने पुरते जात नाही.

ताटातला गुण गोळीत उतरतोच असे नाही, हेही ध्यानात असावे. गाजर-पालेभाज्या खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यातील बीटा-कॅरोटिन गोळीतून द्यावे, असा विचार फिनलंडमधील संशोधकांनी केला. धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर हा प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला तो धक्कादायक : गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना' असे म्हणून डबेच्या डबे विकत घेणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

आणि तरीही, सर्व पाळणाऱ्यालाही कर्करोग होऊ शकतो. लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात कोणाच्या आहाराचा दोष काढायचा? काही कर्करोग आनुवंशिक असतात, काही विषाणूंमुळे होतात, आणि काही पेशींच्या विभाजनात घडलेल्या आकस्मिक चुकीमुळे. गर्भाशयमुखाचा कर्करोग विषाणूजन्य आहे; त्यावर लस आहे, तपासणी आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. विषाणूची केवळ एकदा केलेली तपासणी या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे त्याने २००९ साली जगाला दाखवून दिले. तेव्हा रुग्णाला भेटायला जाऊन "तुम्ही तर निर्व्यसनी, मग असे कसे झाले?" हे विचारणे निरर्थक, आणि निर्दयही.

निदानानंतरचे ताट

निदान झाले की सल्ला बदलतो. आता शत्रू दुसरा असतो, तो म्हणजे घटणारे वजन. कर्करोग स्वतःच भूक मारतो, स्नायू झिजवतो. त्यात केमोथेरपीची मळमळ, किरणोपचारांनी सोलवटलेले तोंड, बदललेली चव. वजन फार उतरले की औषधाची मात्रा कमी करावी लागते, पुढचा डोस लांबतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. आणि नेमक्या याच वेळी घरातील माणसे प्रेमापोटी ताट रिकामे करीत असतात.

साखरेबद्दलचा समज सर्वांत चिवट. कर्कपेशी साखर अधिक खेचते, हे निरीक्षण खरे आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी ते गेल्या शतकात विसाव्या दशकात केले, आणि आजची पेट तपासणीही त्याच गुणधर्मावर आधारलेली आहे. पण त्यावरून 'साखर तोडली की गाठ उपाशी मरेल' हा निष्कर्ष निघत नाही. अन्नातून साखर मिळाली नाही, तर शरीर स्वतःच्या स्नायूंपासून ती बनवते. गाठीला तिचा वाटा मिळतोच. उपाशी राहतो तो रुग्ण. मधुमेही रुग्णाचे पथ्य अर्थातच वेगळे आणि ते चालूच ठेवावे.

२०२४ च्या नोव्हेंबरात एका प्रसिद्ध माजी क्रिकेटपटूने पत्नीचा चौथ्या अवस्थेतील कर्करोग लिंबूपाणी, हळद, कडुनिंब आणि साखर-दूध वर्ज्य केल्याने बरा झाल्याचे सांगितले. त्या बाईंवर शस्त्रक्रिया, केमोथेरपी आदी उपचारही झाले होते. पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. टाटा रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून, या दाव्यांवर विसंबून उपचार लांबवू नका, असे आवाहन करावे लागले. हळद, गव्हांकुरांचा रस, लक्ष्मणफळ, गोमूत्र अर्क यांपैकी काहीही रूढ उपचारांची जागा घेऊ शकते, असे रुग्णांवरील चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. ही गोष्ट परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच अधिक स्पष्टपणे बोलली पाहिजे. कारण अशा वस्तूंच्या विक्रेत्यांना त्या अभिमानाचाच बाजार मांडता येतो. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बऱ्या होण्याजोग्या अवस्थेत असूनही केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना रूढ उपचार घेणाऱ्यांशी केली गेली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला.

वनस्पतीत औषध नसते असे मात्र कोणी म्हणू नये. अंगणातल्या सदाफुलीपासून निघालेले विन्क्रिस्टीन हे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील प्रमुख औषधांपैकी एक आहे. पण ते वेगळे काढून, शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून दिले जाते. ते वाचून सदाफुलीची पाने चावणे म्हणजे विषाची परीक्षा. वैद्यांचे काढे चालू असतील, तर ते डॉक्टरांपासून लपवू नयेत. काही औषधी वनस्पती केमोथेरपीच्या औषधांचा यकृतातील मार्गच बदलतात.

मग खायला काय द्यावे? तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार दर किलो वजनामागे दिवसाला किमान १ आणि शक्यतो १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून. पन्नास किलोच्या रुग्णाला म्हणजे ५० ते ७५ ग्रॅम. एक वाटी दाट वरण, एक पेला दूध किंवा एक अंडे यांतून प्रत्येकी सहा-सात ग्रॅमच मिळतात. तेव्हा भाताची पेज आणि लिंबूसरबत यावर दिवस काढणारा रुग्ण किती तुटीत आहे, हे कोणत्याही गृहिणीला हिशेबाने कळेल. तीन ताटांऐवजी सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावे. तोंड आले असेल तर तिखट-आंबट टाळून मऊ मुगाची खिचडी तूप घालून, दुधात शिजवलेली नाचणी, शिकरण, गार दही-भात. तोंडाला धातूसारखी चव येत असेल आणि तोंड आलेले नसेल, तर आमसुलाचे सार किंवा लिंबाची फोड कामी येते. गरम अन्नाच्या वासाने मळमळत असेल तर तेच अन्न निववून द्यावे. पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत कच्ची कोशिंबीर, बाहेरचा उसाचा रस, मोड आलेली कच्ची कडधान्ये नकोत. मोड शिजवून द्यावेत. अंडी-मासे खाणाऱ्या घरात आजारपणात ते बंद करण्याचे काही कारण नाही. आणि न खाणाऱ्याला 'आता खाल्लेच पाहिजे' म्हणून सक्ती करण्याचेही कारण नाही. पनीर, सोयाबीन, शेंगदाण्याचे कूट, दुधाची पावडर यांवर भागते.

रुग्ण घरातील आई असेल, तर आणखी एक अडचण येते. सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची तिची सवय आजारातही सुटत नाही. तिचे ताट आधी वाढणे हे मुलांनी आणि यजमानांनी करायचे काम आहे. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे आणि ती वही तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावी.

विश्रांतीच्या कल्पनेबाबतही असेच आहे. आजारी माणसाने पडून राहावे, ही आपली रीत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला आरोग्याची माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्याकडून तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. तो बहुतांशी झपझप चालण्याइतपतच होता. आठ वर्षांनी पहिल्या गटातील सुमारे ८३ टक्के, तर दुसऱ्यातील ९० टक्के रुग्ण हयात होते. शंभरांमागे सात माणसे! एखाद्या नव्या महागड्या औषधाने एवढे साधले असते, तर त्याच्या जाहिराती झळकल्या असत्या. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की चालणारी ही माणसे शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी घेऊन आलेली होती. चालणे त्यावर चढवलेला कळस होते.

उपचार संपल्यावर तंबाखूकडे परतणाऱ्यांची संख्या मात्र आजही मोठी आहे. एका गालाची गाठ काढली, म्हणून दुसऱ्या गालाला अभय मिळत नाही. तोंडाच्या सर्वच अस्तराने ते विष इतकी वर्षे भोगलेले असते. आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात वडिलांच्या तपासणीचा कागद हातात घेऊन उभा असलेला मुलगाही पुडी खिशात बाळगून असतो. त्याची तपासणी घरच्या आरशात होऊ शकते. पूर्ण तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, गालाच्या आत आणि जिभेखाली पांढरा वा लाल चट्टा आहे का, पंधरा दिवसांत न भरलेली जखम आहे का, एवढे पाहायचे. यांतले काहीही आढळले तर दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवायचे.